चारचाकीचा खोडवा : जुनी मोटार घेण्यापूर्वी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी खात्याचा माणूस मोटारगाडीवर लेख लिहू लागला म्हणजे आपण म्हणाल, साहेबांना बेणेमळ्यात काम उरलेले दिसत नाही. तसे नाही. पहिली उचल खात्यावर जमा झाली की गट ऑफिसात लागणीपेक्षा आणि खतापेक्षा जास्त विचारणा गाडीचीच होते, हा माझा गेल्या काही वर्षांतला अनुभव आहे. "साहेब, जुनी घ्यावी का? कितीपर्यंत घ्यावी? अमक्याकडे एक आहे, बघायला येता का?" दोन वर्षांचा ऊस विकून आलेला पैसा एका दुपारी व्यापाऱ्याच्या हातात ठेवणारे सभासद मी पाहिले आहेत. आणि खोटे कशाला बोलू, मी स्वतःही त्यांतलाच एक आहे.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता. पुढे जानेवारी २०२० मध्ये मी एक पांढरी गाडी १ लाख ८५ हजारांना घेतली. व्यापाऱ्याने सांगितले, एका डॉक्टरांची गाडी आहे, फार फिरलेली नाही. आतून अत्तराचा वास येत होता, सीटांना नवे कव्हर होते, इंजिन धुऊनपुसून चकचकीत केलेले होते. मला तो चकचकीतपणाच आवडला. दोन महिने गाडी बरी चालली. मग एके दिवशी उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजू लागला. नंतर काचा खाली होईनात. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला गाडी वाटेत बंद पडली ती पडलीच. मिस्त्रीने पुढची सीट खोलून खालची सतरंजी उचलली आणि बोटाने माती काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती मळईची माती होती. जी माती शेतात आली तर ऊस सोन्यासारखा येतो, तीच माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये जाऊन बसली होती. ६२ हजार रुपये घालूनही ती सुधारली नाही, शेवटी ५५ हजारांना दिली. आयुष्यभर लोकांच्या मातीची परीक्षा करणाऱ्याला स्वतःच्या गाडीतली माती दिसली नाही! घरचे लोक आजही हा विषय काढतात.

तेव्हापासून कोणी गाडी बघायला बोलावले तर मी सोबत एक टॉर्च नेतो.

गेल्या हंगामात आमच्या गटातले एक जुने सभासद ऑफिसात आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. अडीच एकर ऊस, त्यातला निम्मा खोडवा. काकूंची किडनी कामातून गेलेली असल्याने आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावे लागते. जाऊन-येऊन ६८ किलोमीटर. एसटीची वेळ जुळत नाही, आणि डायलिसिस झाल्यावर माणसाला उभे राहवत नाही. गावातली भाड्याची गाडी एका खेपेला ११०० रुपये घेते. आबा म्हणाले, "सायेब, पोरगं म्हणतंय आपलीच गाडी घेऊया. एक लाख ऐंशी हजार हायेत. त्याच्यापुढं एक रुपाया न्हाई. कर्ज काढायचं न्हाई. आन गाडी वाटंत बंद पडून चालायचं न्हाई, ह्ये तुमाला सांगून ठेवतो."

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. वर्षाला १०४ खेपा, भाडे १ लाख १४ हजार ४००. घरच्या पेट्रोल गाडीने लिटरला १७ किलोमीटर धरले तर एका खेपेला ४ लिटर, म्हणजे सुमारे ४२० रुपये. वर्षाचे ४३ हजार ६८०. विमा, ऑइल, किरकोळ दुरुस्ती यांना २० हजार धरा. म्हणजे साधारण ६४ हजार. वर्षाला ५० हजार वाचतात. गाडी घेणे योग्यच होते. हौसेसाठी असती तर मी आबांना खोडव्याला खत घाला म्हणालो असतो.

पण मी त्यांना एक अट घातली. जवळ १ लाख ८० हजार असतील तर गाडी १ लाख ४० हजारांच्या आतलीच बघायची. उरलेले ४० हजार गाडीचेच आहेत, ते आजच वेगळे काढून ठेवायचे. जुनी गाडी घरी आली की पहिल्या दोन महिन्यांत ती काहीतरी मागतेच. टायर मागते, बॅटरी मागते, क्लच प्लेट मागते. नाव बदलायचे, विमा उतरवायचा. सगळा पैसा गाडीत घालून रिकाम्या खिशाने घरी आलेला माणूस पहिल्या दुरुस्तीलाच सोसायटीच्या दारात उभा राहतो.

आता गाडी कोणती? लोक आधी मॉडेलचे नाव काढतात. मी विचारतो, बसणार कोण आणि चालणार किती? काकूंना गुडघे वाकवून खाली बसता येत नव्हते, म्हणून सीट उंच हवी होती. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालणार, म्हणून डिझेलचा विचार सोडून दिला. डिझेल गाडी रोज लांब पळवणाऱ्याला परवडते. थोडे चालवणाऱ्याला तिचा एक इंजेक्टर किंवा टर्बो वर्षाची बचत खाऊन टाकतो. आणि तिसरी गोष्ट, ज्या गाडीचे सामान तालुक्याच्या गावी कोणत्याही दुकानात मिळते आणि जिचे काम कोणताही मिस्त्री करतो, तीच घ्यायची. मारुतीची ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले, तरी तिचे सामान आजही मिळते. याच घरातली वॅगन-आर १९९९ च्या डिसेंबरात आली. तिची बसण्याची जागा उंच. आबांसाठी मी तीच मनात धरली होती.

पहिल्या रविवारी हमरस्त्याच्या कडेला असलेल्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. तिथे २०१४ ची एक डिझेल गाडी उभी होती, रंग नवाकोरा, किंमत १ लाख ७५ हजार. आबांचा पोरगा तिच्यापासून हलेना. पाटी दिल्लीची होती. व्यापारी म्हणाला, "एनओसी आणून देतो, मग आपलं एमएच-१० करून घ्या." ह्या दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळतात ते समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालविण्यास बंदी केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या पडेल भावात बाहेरच्या राज्यांत येऊ लागल्या. गाडी वाईटच असते असे नाही. पण परराज्याची गाडी इथे आणून नोंदवायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. आणि ती एनओसी आलीच नाही तर गाडी अंगणात कडबा ठेवायला उपयोगी पडेल. पोराला हाताला धरून पुढे नेले.

त्याच आवारात एक छोटी लाल गाडी होती, २०१३ ची, १ लाख १० हजार. आबांचा चेहरा खुलला. मी टॉर्च काढला. पुराची गाडी ओळखण्याची माझी पद्धत सांगतो, कारण २०१९ नंतर जुलै २०२१ मध्येही आपल्याकडे आणि चिपळूणकडे शेकडो गाड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या कित्येक धुऊन पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात पुढचा हातभर भागच बाहेर येतो; आतला भाग कोणी धूत नाही. तिथे गढूळ पाण्याची रेघ दिसते. सीट सरकवायच्या लोखंडी पट्टीवर आणि सीटच्या खालच्या बोल्टवर गंज आहे का पाहा. डिकीतली सतरंजी उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. डॅशबोर्डखाली डोके घालून वायरींच्या जोडांवर टॉर्च मारा. दिव्यांच्या काचेच्या आत पाण्याची रेघ दिसते का पाहा. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. ओल्या पोत्याचा वास लपत नाही, आणि अत्तराचा वास जास्त असेल तर संशय अधिक घ्या. लाल गाडीचा पट्टा मी ओढला आणि आबांना दाखवला. बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा होता. आबा काही बोलले नाहीत, व्यापाऱ्याला नमस्कार केला आणि चालू लागले.

जाता जाता एक सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे नियमाने आवश्यक झाले आहे. ते दाखवा म्हणायला लाजू नका. आपण बी-बियाण्याच्या दुकानदाराला परवाना विचारतो, तसेच हे.

दोन रविवार रिकामे गेले. मग तालुक्याच्या गावी एका निवृत्त शिक्षकांची वॅगन-आर असल्याचे कळले. २०१२ ची, पेट्रोल, पहिला मालक. मागणी १ लाख ५५ हजार.

इथे माझा खोडव्याचा दाखला द्यायची वेळ आली. पहिल्या मालकाची गाडी म्हणजे लागण, दुसऱ्याकडे गेली की खोडवा, तिसऱ्याकडे गेली की निडवा. आपण जाणतोच की खोडवा वाईट नसतो. पाचट ठेवले, वेळेवर बगला फोडल्या, खत-पाणी दिले तर खोडवा लागणीच्या बरोबरीने टनेज देतो. आणि लागणीच्या वेळी हयगय झालेला फड पुढे काही केले तरी सुधारत नाही. म्हणून खोडवा राखायचा की मोडायचा हे ठरवताना आपण आधीच्या पिकाचा इतिहास बघतो. गाडीचेही तसेच. गुरुजींनी एक वही पुढे ठेवली. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, कोणत्या गॅरेजात, सगळे अक्षर सारखे. मीटरवर ७१ हजार होते आणि वहीशी जुळत होते. मीटर मागे फिरवून देणारे लोक असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. ४० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेकच्या पायाखालचे रबर गुळगुळीत झालेले असेल आणि स्टेअरिंगची सालपटे निघाली असतील तर तो आकडा खोटा समजावा.

गुरुजींना मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितले होते, "गुरुजी, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." थंड इंजिन पहिल्या चावीला कसे सुरू होते हे बघायचे असते. गरम करून ठेवलेले इंजिन बरेच दोष झाकते. सुरू करायच्या आधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळे असले तरी चालते, पण ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जात आहे, गॅस्केट किंवा हेड गेलेले आहे असा संशय धरावा. मग सुरू करून मागे उभा राहिलो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतो, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते. गुरुजींच्या गाडीचा धूर दिसतच नव्हता.

टायरवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. टायरची नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांत रबर कडक होऊन भेगा पडतात. मागचे दोन टायर तसे निघाले. पुढे बॉनेटच्या कडेचे बोल्ट पाहिले, पान्याने रंग उडालेला नव्हता, म्हणजे समोरून ठोकलेली नव्हती. मग आबांचा पोरगा, मी आणि मागे काकू असे बसून कालव्याच्या रस्त्याने निघालो. काकूंना मुद्दाम नेले होते. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाब दिला तर इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी मात्र तशीच राहिली. क्लच प्लेट संपली होती. खड्ड्यात पुढच्या डाव्या बाजूला खटखट आली. बाकी स्टेअरिंग सरळ, ब्रेक एका बाजूला ओढत नव्हते. काकू म्हणाल्या, "हितं बसाय बरं वाटतंय." माझ्या मते सौदा तिथेच ठरला, पण हे गुरुजींना कळू दिले नाही.

पेट्रोलच्या नळ्याही बोटाने दाबून पाहिल्या. आपल्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. आपल्या दृष्टीने ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, आणि ॲव्हरेजही थोडे कमी पडते. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या कडक किंवा फुगलेल्या दिसल्या तर बदलून घ्याव्यात, खर्च फार नाही. ऊसवाल्याने हे लपवू नये.

आता कागद. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमीन घेत नाही, मग आरसी न बघता गाडी कशी घेतो? सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बोजा असतो. गुरुजींचे कर्ज केव्हाच फिटले होते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच होते. अशा वेळी बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ लागतो. "मी नंतर आणून देतो" हे गुरुजी खरेच बोलत असतील, पण आम्ही दाखला हातात आल्यावरच पैसे दिले. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. परिवहन खात्याच्या यंत्रणेत मोबाईलवर नंबर टाकला की पासिंगची मुदत, विमा, बोजा दिसतो. थकलेली दंडाची चलनेही तपासावीत. गॅसची टाकी बसवलेली असेल तर तिची नोंद आरसीवर हवी, आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

आणि पासिंग. नव्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवतात. चारचाकीचे हे फेरनोंदणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले, त्यात पर्यावरण कर वेगळा. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये तपासणीला जाणार. क्लच, दोन टायर, पुढचा खटखटाट आणि हे पासिंग, असे चार मुद्दे गुरुजींपुढे ठेवले. त्यांनी वही मिटली, चहा मागवला आणि १ लाख ३८ हजारांवर आले.

विकणाऱ्यासाठीही दोन शब्द लिहितो, कारण आपण कधी ना कधी विकणारेही होतो. आमच्याच भागातल्या एका सभासदाने आपली जुनी गाडी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिली, पैसे घेतले आणि विसरून गेला. घेणाऱ्याने नाव बदलले नाही, पुढे दुसऱ्याला विकली. तीन वर्षांनी अपघात झाला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस या सभासदाच्या घरी आली. त्याला वाटले, स्टॅम्प दाखवला की सुटलो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. त्या खटल्यातही गाडी हातोहात पुढे विकली गेली होती आणि जबाबदारी मूळ नोंदीतल्या माणसावर आली. म्हणून नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून अर्ज आपल्या समोर दाखल करावा. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते. आणि आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याबरोबर जाते, ती आपल्याला मिळत नाही.

आबांच्या वेगळ्या काढलेल्या ४० हजारांतले २९ हजार क्लच, टायर, बॅटरी, खालचे बुश, विमा आणि नाव बदलण्यात गेले. उरलेले ११ हजार त्यांनी मोडले नाहीत, पिशवीत बांधून ठेवले आहेत. मंगळवार-शुक्रवार पहाटे साडेपाचला ती राखाडी गाडी आमच्या गट ऑफिसावरून जाते. जूनमध्ये ओढ्याला पाणी आले तेव्हा आबा पोराला म्हणाले, "थांब, पाण्यात घालू नगंस, सायेबाची गाडी आठीव," आणि पाणी उतरेपर्यंत तासभर पलीकडे थांबले. काकूंना त्या दिवशी उशीर झाला, पण डायलिसिस चुकले नाही.

ज्या सभासदांना गाडी बघायला जायचे असेल त्यांनी बुधवार सोडून कधीही गट ऑफिसात यावे. बुधवारी मी बेणेमळ्यात असतो. मी नसलो तर टॉर्च स्लिपबॉयच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे, वहीत नाव लिहून घेऊन जावा. मात्र परत आणून द्यावा, मागचा अजून आलेला नाही.